कानसमास्तर आणि फाईलचं कूळ

तंत्रशाळेच्या फिटर विभागात कानसमास्तर अठ्ठावीस वर्षं शिकवत होते आणि अठ्ठावीस वर्षं पहिल्या दिवशीचं त्यांचं भाषण एकच होतं. बारा इंची कानस उंच धरायची, समोरच्या वीस-बावीस बावरलेल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवायची आणि विचारायचं, "हिला इंग्रजीत काय म्हणतात? फाईल. आणि ऑफिसात कागद ठेवतात त्याला? फाईल! आता सांगा, कोणी कोणाचा शब्द पळवला?"

पहिल्या दिवशी कोण बोलतंय! मग मास्तरच सांगायचे, "कागदवाल्यांनी! आपण लोखंड घासतो, मापात आणतो. ते बघून त्यांना वाटलं, आपणही कामं घासूनपुसून मापात आणतो, तर आपल्या गठ्ठ्याला फाईल म्हणायला काय हरकत आहे? झालं, फुकटात शब्द लाटला." वर्ग हसायचा. मास्तर खूश होऊन कानस खाली ठेवायचे आणि हजेरी घ्यायचे.

ही व्युत्पत्ती त्यांना कोणी शिकवली, असं विचाराल तर कोणीच नाही. ती त्यांनी स्वतः घडवली होती. आता स्वतःच्या हाताने घडवलेल्या वस्तूवर माणसाचा जीव असतोच, त्यातून मास्तरांसारखा माणूस! सगळी शाळा त्यांना कानसमास्तर म्हणायची, घरी बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे कानसमास्तर" म्हणायची आणि त्यांना त्याचं काडीचंही वाईट वाटायचं नाही.

पण गेली सहा वर्षं या भाषणातल्या "कागदवाले" या शब्दाला जरा जास्तच धार आली होती. त्याला कारण त्यांची लेक.

लेक त्यांच्याच हाताखाली फिटरचं काम शिकली. हात अगदी बापाचा. तिच्या कानशीचा आवाज एकसारखा यायचा, कुठे अडखळ नाही, कुठे किरकिर नाही. मास्तर पाठ फिरवून उभे असले तरी पंचवीस जणांत तो आवाज ओळखायचे आणि मनातल्या मनात फुलायचे. तोंडाने मात्र कधी "बरं आहे"च्या पुढे गेले नाहीत.

मग शेवटची परीक्षा आली. परीक्षेत लोखंडाचा एक ठोकळा चारही बाजूंनी सपाट आणि काटकोनात घासून द्यायचा असतो. त्याला सगळे जॉब म्हणतात. जॉबवर काटकोन तपासायचा गुण्या ठेवून खिडकीकडे धरायचा आणि मधून उजेड दिसतो का बघायचं. उजेड दिसला तर पोलादाची पातळ पाती फटीत घालून फट मोजायची. पाच शतांश मिलिमीटरपर्यंत माफ. त्याहून जास्त असली तर नापास, आणि नापास जॉबवर टोकदार पंच ठोकून फुली मारायची. ही पद्धत मास्तरांचीच, आणि ती ते डोळ्यांत तेल घालून पाळायचे.

लेकीचा जॉब हातात आला तेव्हा सगळा वर्ग मान वर करून बघत होता. मास्तरांनी गुण्या ठेवला. उजेडाची केसाएवढी रेघ दिसली. आता पाती घ्यायची, फट मोजायची. पण मास्तरांच्या कानात आधीच घंटा वाजली, लोक म्हणणार, लेक म्हणून सोडली. त्यांनी पात्यांना हातच लावला नाही. सरळ पंच घेतला, हातोडी घेतली आणि फुली मारली. लेकीने हात पुसले, एप्रन काढून जॉब पकडायच्या व्हाइसवर ठेवला आणि बाहेर पडली. सहा महिन्यांनी फेरपरीक्षा होती, तिला ती बसली नाही. शाळेच्या रेकॉर्ड रूममध्ये जागा निघाली, ती तिने धरली.

वर्कशॉप आणि रेकॉर्ड रूम यांच्यामध्ये एक अंगण होतं, चाळीस पावलांचं. मास्तर ती चाळीस पावलं सहा वर्षांत एकदाही चालले नाहीत. लेकीनेही वर्कशॉपचा उंबरा ओलांडला नाही. रात्री दोघं एकाच टेबलाशी जेवायची. "पाणी?" "हो." "मीठ?" "नको." एवढंच बोलणं व्हायचं. बाकीचं सगळं बायकोच्या मार्फत.

यंदा प्राचार्यांच्या मनात आलं की प्रत्येक विद्यार्थ्याला द्यायला एक छापील माहितीपुस्तक काढावं. पहिल्या पानावर काय? कानसमास्तरांचं पहिल्या दिवशीचं भाषण! मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. एका बैठकीत त्यांनी ते लिहून काढलं. शनिवारी दुपारी मजकूर छापखान्यात जायचा होता. नियमाप्रमाणे एक प्रत रेकॉर्ड रूमकडे गेली आणि गुरुवारी ती परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने, बारीक सुबक अक्षरात लिहिलं होतं: "आधार काय?"

मास्तरांचं डोकं फिरलं. जेवताना बायकोकडे बघत, पण लेकीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आधार विचारतात! अठ्ठावीस वर्षं वर्गात उभा आहे मी, ते कशाच्या आधारावर?"

"माझ्या," बायको म्हणाली आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

लेक हसू दाबत म्हणाली, "बाबा, तोंडी काय वाटेल ते सांगा. छापायचं तर कागद लागतो. कुठल्या पुस्तकात सापडलं तर दाखवा, मी पेन्सिल खोडून टाकते."

सहा वर्षांत तिचं एवढं लांब वाक्य त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. मास्तर तोल सावरत म्हणाले, "दाखवतो! आणि नाही सापडलं तर तुझ्या त्या कागदांच्या कोठीत येऊन, उभं राहून सांगतो, की मी चुकलो."

"बघा हं," लेक म्हणाली. बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि न मागता आणखी भात वाढला.

शुक्रवारी मास्तरांनी सहा वर्षांतली पहिली रजा घेतली आणि सार्वजनिक वाचनालय उघडायच्या आधीच दारात जाऊन उभे राहिले. ग्रंथपालबाईंनी कुलूप काढलं तसे ते आत घुसले. "बाई, इंग्रजी शब्द कुठून आले ते सांगणारा सगळ्यात जाड कोश काढा."

कोश खरंच जाड होता. दोघांनी मिळून तो टेबलावर आणला. मास्तरांचं इंग्रजी नटबोल्टांपुरतं, त्यामुळे बाई वाचून अर्थ सांगत होत्या आणि मास्तर शब्दाखाली बोट धरून होते. लोखंडाचा कीस वर्षानुवर्षं बसलेलं ते काळं बोट पानावर फिरताना बघून बाई पानाचा कोपरा जपून धरत होत्या.

"हे बघा, फाईल," बाई म्हणाल्या. "पण इथे फाईलला एक, दोन असे आकडे आहेत."

"एकाच शब्दाचे भाग असतील."

"नाही मास्तर. वेगळे आकडे म्हणजे वेगळे शब्द. दिसायला सारखे, पण कूळ वेगळं."

मास्तरांनी बोट पहिल्या आकड्यावर ठेवलं. "आमचं कूळ काय म्हणतंय?"

"तुमची कानस फार जुनी निघाली. अगदी जुन्या इंग्रजीपासूनचा शब्द आहे. जर्मन लोकही कानशीला फायले म्हणतात, म्हणजे ती तुमच्या फाईलची सख्खी बहीण."

"जुनी! अस्सल!" मास्तरांनी टेबलावर थाप मारली. कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणारे एक आजोबा दचकले. "बघा, मी म्हणत नव्हतो? आता ती कागदाची फाईल वाचा. आमच्यावरूनच घेतलेली असणार."

बाईंनी वाचलं. मग चष्मा वर केला, पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "मास्तर, ही दोऱ्याची फाईल आहे."

"दोऱ्याची?"

"लॅटिनमध्ये फीलुम म्हणजे दोरा. फ्रेंचमध्ये त्याचा फील झाला. पूर्वी महत्त्वाचे कागद भोक पाडून दोऱ्यात नाहीतर तारेत ओवून ठेवायचे, म्हणजे ते क्रमाने राहायचे. त्या दोऱ्याला फाईल म्हणायला लागले. दोरा गेला, पुठ्ठा आला, आता कॉम्प्युटर आला, नाव तेच राहिलं. माणसं एकामागे एक रांगेत उभी राहतात त्यालाही फाईल म्हणतात ना? तीही दोऱ्याचीच."

संपलं. अठ्ठावीस वर्षांचं भाषण दोन मिनिटांत भुईसपाट. दुसरा कोणी असता तर तोंड पाडून घरी गेला असता. बाईंनाही वाटलं, आता यांना पाणी द्यावं लागणार. पण मास्तर खुर्चीच्या टोकावर सरकले होते आणि त्यांचे डोळे लकाकत होते.

"ओवलेले!" ते म्हणाले. "बाई, माणसं ओवलेली! म्हणजे दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या गावांहून निघालेली, आणि एकाच नावाने एकाच शाळेत नोकरीला लागलेली! अंगणाच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक! आणि मी अठ्ठावीस वर्षं त्यातल्या एकाला चोर म्हणतोय!"

"मास्तर, हळू."

"हळू कसलं! या फीलुमचं आणखी काय काय आहे? पोरंबाळं किती?"

मग बाईंनाही चेव चढला. दोघं पानं उलटू लागली. बल्बमधली तार, फिलामेंट, ती दोऱ्याची. प्रोफाइल, म्हणजे एखाद्या वस्तूची बाह्यरेषा, तोही शब्द दोरा काढावा तशी रेघ काढण्यावरून आलेला. मास्तर ताडकन उभे राहिले. वर्कशॉपच्या भिंतीवर प्रोफाइल मापायची गेजं ओळीने टांगलेली होती! आणि फिलेट? आतला कोपरा गोलाईने भरतात त्याला ते रोज दहा वेळा फिलेट म्हणायचे. बाईंनी पान शोधलं. छोटा दोरा, बारीक फीत, असा मूळ अर्थ.

"अरे देवा," मास्तर म्हणाले आणि इतक्या जोरात हसले की आजोबांनी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं. "बाई, शब्द आम्हीच लाटलेत! कागदवाल्यांनी आमचा एकही घेतला नाही, आम्ही मात्र त्यांच्या दोऱ्यातले दोन ओढून भिंतीवर टांगले!"

त्यांनी सगळं एका कागदावर उतरवून घेतलं. अक्षर ड्रॉइंगच्या तक्त्यावर असतं तसं सरळ. मग बाईंचे आभार मानायला विसरून बाहेर पडले, रस्त्यावर आठवण झाली तसे परत आले, आभार मानले आणि छत्री तिथेच विसरून गेले.

घरी जायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ते थेट शाळेत गेले, वर्कशॉपच्या दारावरून वळले आणि ती चाळीस पावलं जवळपास पळतच गेले. पण रेकॉर्ड रूमच्या दारात पाय आपोआप थांबले. आत लाकडी मांडण्या, त्यांवर वर्षांच्या चिठ्ठ्या लावलेले गठ्ठे, जुन्या कागदाचा कोरडा वास. खिडकीजवळच्या टेबलाशी लेक बसली होती. हातात दाभण, समोर कागदांची चळत. ती दाभण टोचत होती, दोरा ओढत होती, आणि प्रत्येक ओढ एकसारखी होती, कुठे अडखळ नाही. मास्तर ते बघत राहिले. हा हात त्यांच्या ओळखीचा होता.

तिने वर पाहिलं. "बाबा? काय झालं?"

"मी चुकलो," मास्तर दारातूनच ओरडले. इतक्या आनंदात हरणारा माणूस तिने पाहिला नव्हता. "साफ चुकलो! अगं, तू आत्ता जे करते आहेस ना, तीच फाईल! तो दोरा म्हणजेच फाईल!"

आणि मग त्यांच्या बोलण्याचं जे धरण फुटलं! फीलुम, फील, रांग, फिलामेंट, प्रोफाइल, जर्मनांची फायले, ग्रंथपालबाईंचा चष्मा, सगळं एका दमात. लेक आधी नुसती ऐकत होती. मग तिने दाभण खाली ठेवली. मग मध्येच विचारलं, "रांगसुद्धा? खरंच?" मग स्टूल पुढे ओढून म्हणाली, "बसा ना, बाबा." मग त्यांच्या हातातला कागद घेऊन स्वतःच वाचायला लागली. प्रोफाइलपाशी आली तेव्हा ती खदखदून हसली. "म्हणजे तुमची गेजं आमची!"

"तुमचीच! उद्या येऊन घेऊन जा!"

अर्धा तास दोघं बोलत होती. सहा वर्षांचं बोलणं साचलेलं होतं आणि एका शब्दाच्या निमित्ताने ते बाहेर पडत होतं. मास्तरांना कळतही नव्हतं की आपण इतके का खूश आहोत.

"खरी दोऱ्यातली फाईल बघायचीय?" लेकीने विचारलं. तिने मांडणीच्या बाजूच्या हुकावरून कागदांची एक माळ उतरवली. लहान लहान कागद, मधोमध भोक, जाड दोऱ्यात वर्षावर्षाने ओवलेले. "तुमच्याच विभागाचे परीक्षेचे तपासणी कागद. हे आकाराने लहान, पुठ्ठ्यात मावत नाहीत, म्हणून मी अजून दोऱ्यातच ठेवते."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. हे कागद तर ते स्वतः वर्कशॉपमधल्या खिळ्याच्या तारेत खोचत आले होते. दर परीक्षेला, स्वतःच्या हाताने! पुरावा अठ्ठावीस वर्षं त्यांच्याच भिंतीवर लटकत होता आणि ते त्याच्याकडे पाठ करून भाषण देत होते. ते हसत हसत माळ उलटू लागले. यंदाचं वर्ष, गेलं वर्ष, त्यामागचं. त्यांचं बोट सहा वर्षांपूर्वीच्या कागदांजवळ आलं तशी लेक पटकन म्हणाली, "ते राहू द्या, बाबा."

पण कागद उलटला गेला होता. लेकीचा हजेरी क्रमांक त्यांना पाठ होता. त्यापुढे बाहेरून आलेल्या दुसऱ्या परीक्षकाचं अक्षर होतं. नियमाप्रमाणे तो नंतर प्रत्येक जॉब मोजायचा, पासही आणि नापासही. फट: चार शतांश. वरच्या ओळीत दुसऱ्या एका मुलाचा जॉब, फट: पाच शतांश, पास. आणि लेकीच्या ओळीत, चार शतांशापुढे, मास्तरांच्या निकालावरून उतरवलेलं: नापास. सगळ्यात खाली मास्तरांची सही. गठ्ठ्यावर एकदम केलेली, न वाचता.

मास्तरांनी ते तीनदा वाचलं. उजेड दिसला होता हे खरं. पण उजेड चार शतांशातूनही दिसतो, हे त्यांनीच अठ्ठावीस वर्षं शिकवलं होतं. म्हणून तर पाती असतात.

"तुला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"इथे आले त्याच वर्षी. मीच ओवलाय तो."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?" ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं खरं सांगावं तसं. "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, कागदवाल्यांचं काय खरं."

मास्तर असंच म्हणाले असते. हे त्यांनाही माहीत होतं. त्यांना लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत. लोक काय म्हणतील या भीतीने त्यांनी स्वतःचीच पद्धत मोडली होती आणि ती मोडली होती फक्त एकदा, फक्त हिच्यासाठी.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि 'नापास'वर टेकवलं. लेकीने त्यांचं मनगट धरलं.

"रेकॉर्डमध्ये खाडाखोड चालत नाही."

"मग हे असंच राहणार?"

"नवा कागद जोडता येतो. त्याच्या मागे."

"दे," मास्तर म्हणाले.

तिने कोरा कागद दिला. मास्तर लिहायला बसले. भाषण एका बैठकीत लिहिणाऱ्या माणसाला या चार ओळींना पाऊण तास लागला. हजेरी क्रमांक. परीक्षेची तारीख. फट चार शतांश, मर्यादेच्या आत. निदेशकांनी फट न मोजता जॉब नापास केला. जॉब पास आहे. चूक सर्वस्वी खाली सही करणाऱ्याची.

लेकीने कागद वाचला. तिचा चेहरा कोरडा ठेवायचा प्रयत्न चालला होता, पण हनुवटी ऐकत नव्हती. "सहीखाली तारीख पाहिजे," ती म्हणाली. "आणि हुद्दा."

मास्तरांनी तारीख घातली. हुद्दा लिहिताना पेन सवयीने 'मुख्य निदेशक'कडे वळलं. अठ्ठावीस वर्षं शेकडो कागदांवर त्यांनी तेच लिहिलं होतं. पण निदेशकाने तर फट मोजली असती. 'मु'चा पहिला गोल टेकवण्याआधी ते थांबले आणि मग सरळ अक्षरात त्यांनी लिहिलं: बाप.

लेकीने तो शब्द वाचला. मग दाभण घेऊन कागदाच्या बरोबर मधोमध भोक पाडलं.

"असा हुद्दा रेकॉर्डमध्ये चालत नाही, बाबा," ती म्हणाली. तिने डोळे पुसले आणि दोरा ओढून गाठ मारली. "पण मी चालवून घेते."